परवा म्हणजे नक्की कधी?

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी ‘अरायव्हल’ या २०१६च्या इंग्रजी चित्रपटाचं नाव घेतलं आणि ‘पाहिला नसेल तर पाहा’ एवढं लिहून मोकळी झाले. त्याची शिक्षा आता भोगतेय. या महिन्याची निम्मी पत्रं त्याच्यावरच आहेत. काही रागावलेली, काही गोंधळलेली, एक तर चक्क अहिराणीत. म्हणून हे पान पूर्ण त्यालाच देते. ज्यांना चित्रपट अजून पाहायचा आहे त्यांनी इथेच पान उलटावं. रहस्य फोडल्याशिवाय या प्रश्नांना हात घालता येत नाही.

बाकीच्यांसाठी गोष्ट थोडक्यात. पृथ्वीवर बारा ठिकाणी बारा अवाढव्य काळी यानं येऊन अधांतरी थांबतात. त्यातलं एक अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या माळावर. सात पायांचे हे पाहुणे कशाला आलेत ते विचारायला लष्कर दोघांना नेतं: लुईस बँक्स ही भाषाशास्त्राची प्राध्यापिका आणि इयन डॉनेली हा भौतिकशास्त्रज्ञ. पाहुणे हवेत शाईची वर्तुळं उमटवून लिहितात. ती लिपी शिकता शिकता लुईसला आपल्या मुलीचं सगळं आठवू लागतं. तिचा जन्म, खेळ, रुसवेफुगवे, आजार, मृत्यू. आणि शेवटी कळतं, की या आठवणी नाहीतच. ती मुलगी अजून जन्माला यायची आहे.

बाई, तुमच्या भरवशावर आम्ही चार मित्रांनी होस्टेलवर लॅपटॉप लावला. दोघं अर्ध्यात झोपले. एक बाई फळ्यावर लिहिते आणि बाहेर धुकं. यात भारी काय आहे?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चोपडा (सध्या जळगाव)*

झोपलेल्या दोघांना मी दोष देत नाही. चित्रपट ११६ मिनिटांचा, प्रकाश अंधुक, माणसं हळू बोलतात. मेसची शेवभाजी जेवून गादीवर लोळत तो पाहू नये, हे मी लिहायला हवं होतं.

पण फळा हाच माझ्या मते त्यातला सगळ्यात थरारक प्रसंग आहे. कर्नल विचारतो, ही बालवाडीतली शब्दांची शिकवणी कशाला? सरळ विचारा ना, पृथ्वीवर येण्यामागे तुमचा हेतू काय! लुईस तेच वाक्य फळ्यावर लिहिते आणि सोलून दाखवते. आधी समोरच्याला प्रश्न म्हणजे काय ते कळायला हवं. मग ‘तुम्ही’ म्हणजे समोर उभे आहात ते, की तुमची सगळी जमात? आणि ‘हेतू’ ही कल्पना तरी त्यांच्याकडे आहे का? इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम, म्हणून तिची पंचाईत होते. आपल्याकडे तू वेगळा, तुम्ही वेगळे, म्हणून आपण सुटलो असं वाटेल. पण आपलं ‘तुम्ही’ आदराने एकालाही चालतं. आणि ‘आपण’ तर विचारूच नका. ‘आपण जेवायला जाऊ’ यात बोलणारा आणि ऐकणारा दोघं, ‘आपण बसा’ यात ऐकणारा एकटा, ‘तो आपण होऊन आला’ यात दोघांपैकी कुणीच नाही. हे सात पायांच्या पाहुण्याला समजावताना माझाही घसा बसला असता.

हे मी कौतुकाने नाही, अनुभवाने सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष मी सातपुड्यात, धडगावच्या बाजूच्या एका शाळेत काढलं. पहिलीची पोरं घरी पावरी बोलणारी. माझ्याजवळ पुस्तकातली मराठी आणि माहेरची अहिराणी, दोन्ही तिथे बिनकामाच्या. मी खिडकीतून बोट दाखवून ‘हे काय?’ विचारायची आणि पोरं जे म्हणतील ते वहीत उतरवायची. मोहाच्या झाडासाठी एक शब्द मिळाला. डोंगरासाठी तोच. मग शेळीसाठीही तोच. मला वाटलं, काय सोपी भाषा आहे! पंधरा दिवसांनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी वही ऐकली आणि पदर तोंडाला लावला. पोरं प्रामाणिकपणे उत्तर देत होती: बोट. मी बोटच तर पुढे करत होते.

चित्रपटात लुईस कर्नलला असाच एक किस्सा सांगते. गोऱ्यांनी उड्या मारणाऱ्या प्राण्याचं नाव विचारलं, तिथला माणूस म्हणाला ‘कांगारू’, आणि त्याचा अर्थ होता ‘मला समजलं नाही’. कर्नलला पटतं. तो गेल्यावर ती इयनला सांगते, की किस्सा खोटा आहे, पण मुद्दा खरा आहे. माझी वही मात्र खरी होती. पुढच्या बदलीपर्यंत जपून ठेवली होती, नंतर पावसात गेली.

आता उणीव. एवढ्या निगुतीने पहिले धडे दाखवल्यावर चित्रपटाला अचानक घाई सुटते. इयनच्या निवेदनावर काही चित्रं सरकतात, आठवडे उलटतात, आणि लुईस वर्तुळं वाचू लागलेली असते. बाराखडी गिरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर पुढे ठेवला. मधलं सगळं, चुकलेले अंदाज, फाडलेले कागद, ते कुठे गेलं? भाषा शिकण्यातली मजा तर तिथेच असते. आणि तुमच्या शाखेच्या वतीने एक तक्रार मीच नोंदवते: इयन भौतिकशास्त्रज्ञ असल्याचं सांगितलं जातं, भौतिकशास्त्र करताना तो फारसा दिसत नाही.

सुरुवातीलाच मुलगी मरताना दाखवायची, मग दोन तास नायिकेचा उतरलेला चेहरा दाखवायचा, आणि शेवटी म्हणायचं की हे अजून घडलंच नाही. ही प्रेक्षकाची शुद्ध फसवणूक नाही का?
*निवृत्त बँक कर्मचारी, धुळे*

अर्धी आहे.

क्रियापदाला काळ असतो, चित्राला नसतो. अंगणात एक मुलगी पळतेय असं चित्र पाहिलं तर ती पळाली, पळते की पळेल? चित्र काहीच सांगत नाही. हा चित्रपट टेड चियांग यांच्या १९९८ सालच्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ या दीर्घकथेवर आहे. त्या कथेत आई मुलीशी बोलते ती भविष्यकाळी क्रियापदांत. तू अशी असशील, तू असं म्हणशील. त्यामुळे नीट वाचणाऱ्याला लवकर संशय येतो. पडद्यावर ती सोय नव्हती, आणि दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांनी त्या अडचणीचंच रहस्य केलं. आधी दाखवलं ते आधी घडलं, असं आपण गृहीत धरलं. भूतकाळाचा प्रत्यय आपण लावला, त्यांनी नाही.

खरं म्हणजे मराठी माणसाने यात फसायलाच नको. ‘पाच मिनिटांत आलोच’ असं फोनवर सांगणारा अजून बादलीत पाणी सोडत असतो. रूप भूतकाळाचं, काम भविष्याचं. जन्मभर ऐकतो आपण हे.

खुणाही पेरलेल्या आहेत. एवढा घाला पडलेल्या बाईला कुणीच त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. आणि एकदा मुलगी तिला गृहपाठासाठी एक अवघड संज्ञा विचारते, ज्या व्यवहारात दोन्ही पक्षांचा लाभ होतो त्याला काय म्हणतात म्हणून. आईला आठवत नाही. तेवढ्यात छावणीत इयन सहज बोलता बोलता ती संज्ञा वापरतो, आणि तिकडे आई मुलीला उत्तर देते. आज ऐकलेलं कैक वर्षांनंतर कामाला आलं. पहिल्यांदा पाहताना हे निसटतं, दुसऱ्यांदा अंगावर काटा येतो.

तुमची अर्धी तक्रार मला मान्य आहे ती चेहऱ्याबाबत. यानं यायच्या आधीपासून लुईस रिकाम्या घरात मन मेल्यासारखी वावरते. मुलगी अजून झालेलीच नाही, तर हे सुतक कशाचं? एकटेपणाचं म्हणावं तर तसं कुठे सांगितलेलं नाही. ते फक्त आपल्याला चकवण्यासाठी आहे. लुईस झालेली ॲमी ॲडम्स इतकी संयमाने काम करते, की हिशेब विचारायचं राहून जातं. तिला त्या वर्षी ऑस्करचं नामांकनही नव्हतं. चित्रपटाला आठ मिळाली, पुरस्कार एकच, ध्वनिसंपादनाचा.

नवी भाषा शिकल्याने माणसाला भविष्य दिसू लागेल, याला काही शास्त्रीय आधार आहे का? शाळेत मुलांनी विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.
*शिक्षक, नवापूर*

मुलांना सांगा, ‘परवा’ या शब्दाकडे बघा.

परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, आणि परवा म्हणजे उद्यानंतरचा दिवस. हिंदीवाले तर ‘कल’मध्येच दोन्ही दिवस कोंबतात. गेलेलं आणि येणारं एकाच शब्दात ठेवणारे आपण कोट्यवधी लोक. आपल्यापैकी किती जणांना परवाचा कापसाचा भाव आज कळतो? भाषेने भविष्य दिसत असतं तर जळगावच्या सराफ बाजारात सगळे मराठीच बोलले असते.

चित्रपट ज्या कल्पनेवर उभा आहे ती सपीर आणि व्होर्फ या दोन अमेरिकन अभ्यासकांच्या नावाने ओळखली जाते. भाषा जशी, तसा विचार. यातला व्होर्फ आगविम्याच्या कंपनीत तपासनीस होता आणि फावल्या वेळात भाषांचा अभ्यास करायचा. अमेरिकेतल्या होपी या आदिवासी भाषेत काळ दाखवणारे शब्द वा रूपं नाहीत, म्हणून त्यांची काळाची कल्पनाच निराळी, असं त्याने लिहिलं. पुढे एकेहार्ट मालोत्की या संशोधकाने १९८३ साली जाडजूड ग्रंथ काढून होपीत काळ दाखवायच्या किती तरी तऱ्हा आहेत हे दाखवून दिलं. भाषेचा विचारावर थोडाफार परिणाम होतो, रंग ओळखताना, दिशा सांगताना, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण भाषा हा मेंदूला घातलेला साचा आहे, हे आज भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. चित्रपट मात्र ही कल्पना इयनच्या तोंडी दोन वाक्यांत उरकतो आणि पुढे सगळी इमारत तिच्यावर चढवतो.

याचा राग कुठे येतो सांगते. चीनचे जनरल शांग हल्ल्याची तयारी करतात. लुईस हिसकावलेल्या फोनवरून त्यांना त्यांच्याच खाजगी नंबरवर गाठते आणि त्यांच्या बायकोचे मरतानाचे शब्द ऐकवते. हे तिला कुठून कळलं? दीड वर्षांनी एका समारंभात स्वतः शांगच तिला सांगणार आहेत म्हणून. ते का सांगणार? तिने फोन केला होता म्हणून. आपल्या कीर्तनकारांनी कोंबडी-अंड्याचा वाद यापेक्षा जास्त सफाईने सोडवला असता. शब्द मँडरिनमध्ये आहेत आणि खाली अनुवादही दिलेला नाही. तेवढं मात्र मला आवडलं. पण दोन तास ‘ऐका, सबुरीने समजून घ्या’ म्हणणारा चित्रपट शेवटी एका गुप्त किल्लीने कुलूप उघडतो. अमेरिकी सैनिकांचा स्फोटकांचा कटही तसाच, कुठून तरी आणून चिकटवलेला. मूळ कथेत यातलं काहीच नाही. तिथे ना युद्धाची धमकी, ना फोन. पाहुणे एक दिवस निघून जातात, का आले होते ते न सांगता. चित्रपटात त्यांना तीन हजार वर्षांनी माणसाची मदत लागणार आहे, असं कारण दिलंय. पडद्याला कारण लागतंच.

तरी एक गोष्ट मुलांना वर्गात जरूर सांगा. सगळा गोंधळ एका शब्दाने होतो. पाहुणे जे ‘द्यायला’ आलेत त्याचा अर्थ शस्त्र असा लावला जातो, आणि लुईस म्हणते, कशावरून? ते साधनही असेल. हा प्रसंग इंग्रजी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागतो. आपल्याला नाही. आमच्या गल्लीत सुतार येतो तो पिशवीत ‘हत्यारं’ घेऊन, रंधा, पटाशी, करवत. पोलीस पकडतात तीही हत्यारंच. आणि खंडेनवमीला आपण तलवार आणि विळा एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहतो. मोंटानाच्या तंबूत एक मराठी दुभाषी असता तर त्याने शांतपणे चहा ढवळत म्हटलं असतं, साहेब, दोन्ही असेल.

संस्कृतचाही एक दाखला आहे. नेमणुकीच्या वेळी लुईस कर्नलला सांगते, त्या दुसऱ्या तज्ज्ञाला ‘युद्ध’ या अर्थाचा संस्कृत शब्द आणि त्याचा अनुवाद विचारा. तो तज्ज्ञ ‘गविष्टि’चा अर्थ ‘वाद’ असा सांगतो. लुईस सांगते, अधिक गाईंची इच्छा. नोकरी तिला मिळते. आपण ‘गवेषणा’ म्हणजे संशोधन असा शब्द वापरतो, तोही मुळात गाय शोधायलाच निघालेला आहे.

बाई, तिले मालूम व्हतं का आंडेर मरनार शे, तरीबी तिनी जनम का दिधा? आनि नवराले आधी का नही सांगं?
*गृहिणी, अमळनेर तालुका*

आठ पत्रांत हा प्रश्न आहे. तुमचं पत्र निवडलं, कारण तो असाच विचारायला हवा, तोंडावर.

नवऱ्याला न सांगणं मला चित्रपटातलं सगळ्यात मोठं न्यून वाटतं. पुढे कधी तरी ती इयनला सांगते, तो चिडतो, वेगळा होतो, आणि हे सगळं आपल्याला मुलीच्या एका प्रश्नाच्या उत्तरातून ओझरतं कळतं. निर्णय दोघांच्या मुलीचा, माहिती एकीकडेच. त्यावर एक अख्खा प्रसंग हवा होता. तो कॅमेऱ्यासमोर येत नाही, कारण आला असता तर लुईसवर रागावणं सोपं झालं असतं.

जन्म का दिला, याचं उत्तर मात्र कथेत जास्त चांगलं आहे आणि ते भौतिकशास्त्राचं आहे. घाबरू नका. जुलैत भिजलेलं काळं रान डोळ्यांपुढे आणा. डांबरी रस्त्यावर पाय भरभर पडतो, रानात चिखल धरतो. रस्त्यावरून विहिरीवर जायचं तर शहाणा माणूस नाकासमोर जात नाही. डांबरीवर थोडं जास्त चालतो आणि रानात कमी पाय घालतो. प्रकाश हेच करतो. हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, कारण सगळ्यात कमी वेळाची वाट तीच. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हे सतराव्या शतकात मांडलं. आता अडचण अशी, की माणसाला विहीर कुठे आहे ते आधी ठाऊक असतं. प्रकाशाला निघतानाच कसं कळतं आपण कुठे पोचणार? कथेतले पाहुणे जगाकडे असं बघतात. त्यांना सुरुवात आणि शेवट एकदम दिसतो, आणि मधली वाट चालायची ती काही बदलण्यासाठी नाही, चालल्याशिवाय ती पुरी होत नाही म्हणून. पडद्यावर हे सगळं जवळजवळ गळलं आहे, आणि त्यामुळे लुईसचा निर्णय हट्टासारखा दिसतो.

आणखी एक फरक. कथेत मुलगी पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहणात जाते. त्या दिवशी ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं तर टळलं असतं, असा अपघात. चित्रपटात ती ऐन किशोरवयात असाध्य आजाराने जाते. तिथे टाळण्यासारखं काही उरतच नाही, फक्त जन्म द्यायचा की नाही एवढंच. चित्रपटाने प्रश्न सोपा केला आणि रडू जास्त आणलं. संगीतकार मॅक्स रिक्टरची ती व्हायोलिनं सुरू झाली, की मीही रडले, ते सोडा.

तुम्हाला माझ्याकडून उत्तर हवंय. माझ्याकडे उत्तर नाही, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे. भाऊ मुराळी म्हणून घ्यायला आला होता. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा निंबाला झोका बांधून तयार होता, आणि ओट्यावर माय पत्र्याच्या डब्यात कुरडया आणि पापड भरत बसली होती. म्हटलं, माय, हे कोणासाठी? म्हणाली, तुलेच, जाताना. मी अजून चप्पल काढली नव्हती. पाच दिवसांनी मी जाणार हे तिला माहीत होतं, डबा भरून झाला होता, आणि तरी तिने त्याच हाताने झोक्याला पहिला धक्का दिला. मी तो डबा बघत बघत झोके घेतले.

तुलना पुरी बसत नाही, हे मलाही कळतं. मी पुढच्या आखाजीला परत येणार होते.

चित्रपटातल्या मुलीचं नाव हॅना असं आहे, जे इंग्रजीत उलटसुलट सारखंच वाचलं जातं. आम्हाला गेल्या महिन्यात मुलगी झाली. मराठीत असं नाव सुचवाल?
*एक बाप, एरंडोल*

अभिनंदन. हॅना हे नाव मुद्दाम आहे, पाहुण्यांच्या वर्तुळासारखं, कुठूनही वाचा. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची, पण ते नाव म्हणून चालणार नाही. ‘नयना’ ठेवायचा मोह होईल, पण शेवटच्या कान्याने घात होतो. ‘कनक’ ठेवा. सोनं, जळगाव जिल्ह्याला साजेसं, आणि दोन्हीकडून पक्कं. फक्त आजीला सांगून ठेवा. तिने पहिल्याच दिवशी ‘कनके, इकडे ये’ म्हणून हाक मारली, की मात्रा एकाच बाजूला पडलीच.